प्रोबर्टांच्या दारातून निघताना

हेरेफर्डला जायचं सुयशने ठरवलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा नवरा म्हणजे घरामागचं गवत काप म्हटलं तर तीन शनिवार पुढे ढकलणारा माणूस. तो आपण होऊन गाण्याची तिकिटं काढतो, रजा टाकतो आणि वर मलाच म्हणतो, "आईला जरा वेगळं काहीतरी दाखवू या ना, मीनल. किती वेळा शॉपिंग सेंटरला नेणार?" मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने डिशवॉशर उघडला आणि त्यात डोकं घातलं.

हेरेफर्ड म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला, अगदी वेल्सच्या उंबऱ्यावर वसलेलं जुनं शहर. नदी, कॅथिड्रल, आणि भर शहरात गुरांचा बाजार. लाल अंगाच्या आणि पांढऱ्या तोंडाच्या तिथल्या गाई जगभर गेल्या, पण नाव अजून ह्याच शहराचं लावतात. दर तीन वर्षांनी ऑगस्टमध्ये तिथे गाण्याचा मोठा उत्सव असतो, त्याचीच ही तिकिटं. आणि तिथून अर्ध्या तासावर प्रोबर्टांचं शेत आहे. हे सुयशला माहीत होतं, मला माहीत होतं. सासूबाईंना माहीत नव्हतं.

गोष्ट २००१ सालची. सुयश गुरांचा डॉक्टर. इथली परीक्षा पास होऊन नुकताच नॉटिंगहॅमच्या एका दवाखान्यात लागला होता. कुत्री, मांजरं, एखादा ससा. त्या वसंतात देशभर लाळ-खुरकुताची साथ आली आणि सरकारला तात्पुरते डॉक्टर हवे झाले. कोरेगावला गोठ्यात वाढलेला हा मुलगा उड्या मारत गेला. "शेवटी गुरांना हात लावायला मिळेल," म्हणाला. मिळाला लावायला. इथे खुरकुतावर औषध करत नाहीत. एका शेतात रोग दिसला की ते शेत आणि त्याला लागून असलेली शेतं, सगळी गुरं मारून टाकायची. प्रोबर्टांच्या गाई धडधाकट होत्या. रोग शेजारी होता.

फोनवर त्याने आईंना सांगितलं, साथीच्या कामावर आहे. आईंनी त्याचा अर्थ काढला तो कुठलीही आई काढेल. आळीभर सांगून आल्या, आमचा सुयश साहेबाच्या गाई बऱ्या करतोय. ती समजूत त्याने कधी मोडली नाही.

मला त्याने तेव्हा एकदाच सगळं सांगितलं. मग पाच वर्षं तो त्यावर अवाक्षर बोलला नाही आणि काम करत राहिला. मग ह्या मे महिन्यात एका कॉन्फरन्सला डंकन नावाचा तेव्हाचा सोबती भेटला. कॉफी पिता पिता सहज म्हणाला, "गेल्या वर्षी बाजारात म्हातारा प्रोबर्ट भेटला होता. अजून तुझं नाव काढतो रे. म्हणतो, बाकी सगळ्यांना मी माफ केलं, पण त्या इंडियन पोराने माझ्या गाई मारल्या आणि चोरासारखा निघून गेला. जाताना एक शब्द बोलला नाही."

त्या आठवड्यापासून सुयशचे हात थरथरायला लागले. लस टोचताना नाही, टाके घालताना नाही. फक्त म्हाताऱ्या, दुखण्याने कळवळणाऱ्या जनावराला शेवटचं इंजेक्शन द्यायचं असलं की. जूनमध्ये एका लॅब्रेडॉरच्या मालकिणीसमोर त्याने सिरिंज खाली ठेवली आणि खोलीबाहेर निघून आला. दुसऱ्या डॉक्टरने ते काम केलं. ज्याला हे जमत नाही त्याने दवाखान्यात राहू नये, असं सुयशच म्हणाला. त्याने रीडिंगला वरदला फोन केला. वरद शाळेपासूनचा मित्र, त्याची सॉफ्टवेअर कंपनी आहे. सप्टेंबरपासून नोकरी पक्की. पगार बरा, रविवारची धावपळ नाही. मी खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण ज्याने सातवीत असल्यापासून एकच ध्यास घेतला तो माणूस चाळिशीच्या आत हातातलं काम खाली ठेवतोय, हे मला बघवत नव्हतं. सारखा राग यायचा. कुणावर ते कळायचं नाही, म्हणून मी तो डिशवॉशरपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांवर काढायचे.

तर असे आम्ही तिघं निघालो. आई मागच्या सीटवर, साडीवर माझं कार्डिगन आणि पायात स्पोर्ट्स शूज. मांडीवर स्टीलचा डबा, त्यावर त्यांचं नाव घातलेलं, श्यामला ग. भोसले. आत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. वेगळ्या पिशवीत बेसनाचे लाडू.

"आई, तिथे सगळं मिळतं हो खायला," मी म्हटलं.

"मिळत असेल. माझा डबा कुणाच्या मध्ये येतोय का?"

मालव्हर्नचे डोंगर मागे पडले, मग सफरचंदांच्या बागा लागल्या आणि नांगरलेली लालभडक माती. आई काचेला नाक लावून बघत होत्या. "महाबळेश्वरच्या वाटेला अशीच आहे," म्हणाल्या.

बाजाराचा दिवस होता. लोखंडी कठड्यांच्या कप्प्यांमध्ये गुरं उभी, वर पत्र्याचं छप्पर, आणि एक माणूस इतक्या भरभर बोली पुकारत होता की मलाही कळेना. शेणाचा वास आला आणि आईंचा चेहराच उजळला. दोन महिने त्या आमच्या कार्पेट घातलेल्या घरात कोंडल्यासारख्या वावरत होत्या. इथे सरळ एका कप्प्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत एक बैल होता. लाल, प्रचंड, तोंड पांढरं आणि कपाळावर कुरळे केस. आईंनी चपळाईने शूज काढले आणि हात जोडले. बैलाच्या मालकाने ते बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"ह्यांनाच ना रे तू औषध द्यायचास?" आईंनी सुयशला विचारलं. "काय देखणं जनावर आहे. ह्याला खुरकूत म्हणजे किती हाल झाले असतील."

मी त्याच्या हातांकडे बघितलं. त्याने ते खिशात घातले होते.

तिथून आम्ही कॅथिड्रलला गेलो. तिथे सातशे वर्षांपूर्वीचा, एकाच वासराच्या कातड्यावर काढलेला जगाचा नकाशा आहे. पूर्व दिशा वर, मधोमध जेरुसलेम, आणि कडेकडेने चित्रविचित्र प्राणी. तिथल्या काकूंनी हौसेने भारत कुठे आहे ते दाखवलं, अगदी वरच्या बाजूला. आणि इंग्लंड पार खाली, कोपऱ्यात दडपलेलं.

"म्हणजे आपण वर आणि हे खाली?" आई म्हणाल्या. "शहाणा होता काढणारा."

एरवी ह्यावर सुयश हसला असता. त्याचं लक्षच नव्हतं.

मुख्य गाभाऱ्यात संध्याकाळच्या गाण्याची तालीम चालली होती आणि लोकांना बसून ऐकायला मुभा होती. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. शंभरेक माणसं उभी राहून गात होती. शब्द लॅटिन असावेत. आवाज त्या उंच खांबांमधून वर चढायचा आणि सावकाश खाली यायचा. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण अंगावर काटा आला. मध्येच संचालकाने हात वर केला, सगळे थांबले, कुणीतरी पानं उलटली. त्या शांततेत सुयश म्हणाला, "आई, मी गाईंना औषध नव्हतो देत."

आईंनी मान वळवली.

त्याने सगळं सांगितलं. हळू आवाजात, समोर बघत. बंदूकवाले वेगळे असायचे, डॉक्टरने उभं राहून बघायचं आणि प्रत्येक जनावर गेलंय ह्याची खात्री करायची. प्रोबर्ट स्वतः एकेक गाय नावाने हाक मारून बाहेर आणत होता, कारण परक्या माणसाने आणलं तर त्या घाबरतील. सुयश प्रत्येकीचं डोकं धरत होता.

"आणि वासरं?" आईंनी विचारलं.

"वासरांना बंदूक नाही. वासरांना इंजेक्शन. ते मी."

आईंनी त्याच्या हातांकडे बघितलं. तालीम पुन्हा सुरू झाली. मला वाटलं, आता ह्या उठणार, आता काहीतरी तोडून बोलणार. ह्यांच्या घरात गाय व्याली की पहिला चीक देवाला, आणि म्हातारी झालेली गाय कधी विकली नाही म्हणून अभिमान. मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची तयारीसुद्धा केली. माझ्या नवऱ्याला बोलाल तर याद राखा, इथपर्यंत मी पोचले होते.

गाणं संपेपर्यंत त्या बसून राहिल्या. मग विचारलं, "निघताना काय म्हणालास त्या माणसाला?"

"काही नाही."

"काही नाही?"

"तूच शिकवलंस ना? अण्णाकाका गेले तेव्हा. मी दारातून 'येतो हं काकू' म्हणालो आणि तू मला बाहेर आणून फटका दिलास. ज्या घरात कुणी गेलंय तिथून निघताना निरोप घ्यायचा नाही. 'येतो' म्हणायचं नाही. उठायचं आणि चालू लागायचं." तो आता आईंकडे वळला. "सगळ्या आवारात त्या पडल्या होत्या, आई. नवरा-बायको दारात उभे होते. मी बूट धुतले, त्यांच्याकडे बघितलं आणि गाडीत बसलो. दुसरं काय करणार होतो? आणि तो म्हातारा पाच वर्षं म्हणतोय की मी चोरासारखा पळालो."

हे मलाही नवीन होतं. पळाला नाही हे मला माहीत होतं, का बोलला नाही ते माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं धरून चालले होते की त्याला शब्द सुचले नसतील.

आई म्हणाल्या, "मग नंतर भेटायला गेलास का?"

"कुठे?"

"त्यांच्याकडे. घरात एवढं मरण झालं आणि पाच वर्षांत तू भेटायला गेला नाहीस?" आता त्यांचा आवाज चढला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी मागे वळून बघितलं. "तू गाई मारल्यास, त्याचं तू आणि तुझा देव बघून घ्या. मला ते ऐकून कसंतरी होतंय, ते मी नंतर बघीन. पण भेटायला गेला नाहीस? हे मी शिकवलं तुला?"

"आई, हळू," मी म्हटलं.

"चल. आत्ता चल."

"आत्ता?" आता माझं डोकं फिरलं. "अहो आई, इथे फोन न करता कुणी कुणाच्या दारात जात नाही. आधी विचारावं लागतं. आणि संध्याकाळी साडेसातचं तिकीट आहे आपलं."

"दुखवट्याला फोन करून कोण जातं गं?" एवढं बोलून त्या उठल्याच.

सुयश माझ्याकडे बघत होता. मी इतकी वर्षं संसार केलाय त्याच्याबरोबर, मला कळलं की हा सकाळपासून कुणीतरी 'चल' म्हणायचीच वाट बघत होता. तिकिटं गेली खड्ड्यात. मी गाडीची किल्ली घेतली, कारण त्याचे हात आता बघवत नव्हते.

शेताकडे जाणारा रस्ता इतका अरुंद की दोन्हीकडची कुंपणं आरशांना घासत होती. फाटकाशी गाडी थांबवली. आईंनी पिशवीतून लाडू काढून सीटवर ठेवले. "गोड नको," म्हणाल्या. फक्त दशम्यांचा डबा हातात घेतला. आवारात एकही जनावर नव्हतं. गोठ्याची दारं उघडी, आत जुनी यंत्रं रचून ठेवलेली.

दार उघडलं ती उंच, हाडापेराने मजबूत, सत्तरीची बाई होती. तिने आधी मला बघितलं, मग साडीतल्या आईंना. मग सुयशला. तिचा हात दारावरच राहिला.

"तुम्ही ते डॉक्टर," ती म्हणाली.

"हो. मिसेस प्रोबर्ट, मला मिस्टर प्रोबर्टना भेटायचं होतं. त्यांना एक सांगायचं होतं."

"टॉम मार्चमध्ये गेला."

सुयश जागच्या जागी उभा राहिला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण आईंना त्याची गरज पडली नाही. त्या पुढे झाल्या, डबा तिच्या हातात दिला आणि तिचे दोन्ही हात डब्यासकट आपल्या हातांत धरले. बोलल्या काहीच नाहीत. ती बाई गोंधळली. मला वाटलं, झालं, आता ही दार लावणार. पण तिने हात सोडवून घेतले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "आत या. कुत्र्याकडे लक्ष असू द्या, त्याला उठवत नाही."

स्वयंपाकघरात जुना शेगडीवजा मोठा स्टोव्ह होता. त्याच्यापाशी घोंगडीवर एक म्हातारं काळं-पांढरं कुत्रं पडलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय निकामी. आम्ही आलो तसं त्याने फक्त शेपूट हलवलं. तुळईवर प्रदर्शनांत मिळवलेल्या रेशमी फिती टांगलेल्या होत्या, रंग उडालेल्या. खुंटीवर एक टोपी.

मिसेस प्रोबर्टनी चहा केला. आई अशा घरी पाणीसुद्धा घेत नाहीत. मी हळूच म्हटलं, "आई, इथे नाही म्हटलं तर वाईट दिसतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, कप उचलला आणि दोन घोट घेतले. मग चौघंही गप्प बसलो. आईंना त्यात काही वावगं वाटलं नाही, भेटायला गेलं की बसतातच तसं. मला मात्र घाम फुटला होता.

शेवटी तीच बोलली. "त्याने पुन्हा गाई आणल्या नाहीत. सगळे म्हणाले, आण, सरकारने पैसे दिलेत. गोठ्यात पाऊल टाकायचा नाही." ती सुयशकडे बघत होती. "लोक म्हणायचे, टॉम, शेवटी गुरंच होती ती. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत ते त्याला फार लागलं. म्हणायचा, त्या पोराने प्रत्येक गाईच्या कानाशी काहीतरी सांगितलं. गाईंशी बोलला. आमच्याशी नाही."

सुयशने तिला सांगितलं. आमच्याकडे निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, परत येईन असं. आणि ज्या घरात कुणी गेलं असेल तिथे ते म्हणत नाहीत, कारण अशा कारणाने परत त्या दारात यायची वेळ येऊ नये. म्हणून न बोलता उठायचं. ते धीर धरून, नीट वाक्यं जुळवून सांगताना त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती.

"माणूस गेलं असेल तर," मिसेस प्रोबर्ट म्हणाली.

"घरातलं कुणी गेलं असेल तर."

तिने कप खाली ठेवला. तो बशीवर जोरात आदळला. "मग हे आत्ता सांगताय? मार्चमध्ये गेला तो. पाच वर्षं तुम्हाला रस्ता माहीत होता. ह्या सबंध जिल्ह्यात एका माणसाला कळलं होतं की आमच्या घरात मरण झालंय, आणि तो माणूस नॉटिंगहॅमला बसून राहिला. टॉम ह्याच खुर्चीत बसून विचारायचा, काय सांगत होता गं तो त्यांना?"

सुयशने मान खाली घातली. मला त्या बाईचा राग आला आणि त्याच वेळी वाटलं, बरोबर बोलतेय ही. एक अक्षर चुकीचं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि रडायचा मला तिथे काहीच हक्क नव्हता.

"माफ कर बाई, म्हणत होतो," सुयश म्हणाला. "प्रत्येकीला तेवढंच. वासरांनाही."

तिने ते ऐकलं आणि खुंटीवरच्या टोपीकडे बघत राहिली. कुत्रं झोपेत कण्हलं.

आई उठल्या. रीतच होती ती. पदर सावरला, मिसेस प्रोबर्टच्या खांद्याला हात लावला आणि एक शब्द न बोलता दाराबाहेर पडल्या. सुयश त्यांच्यामागे. मीही गेले, काय करणार. आवार ओलांडून गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली आणि आरशात बघितलं. ती बाई दारात उभी होती, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. सुयशनेही आरशात बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले.

"थांब," मागून आई म्हणाल्या.

"काय झालं?"

"थांब म्हणते ना."

त्यांनी स्वतःच दार उघडलं. गुडघे धरून उतरल्या आणि त्या खडबडीत आवारातून परत चालत निघाल्या. आम्ही दोघं धावलो मागे. आयुष्यात कुठल्या दुखवट्याच्या घरी मागे वळून न बघितलेली ही बाई, जिने त्यासाठी पोटच्या पोराला फटका दिला होता, ती त्या दारासमोर जाऊन उभी राहिली. धाप लागली होती. मोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, मराठीत म्हणाली, "येते मी. परत येते."

मग सुयशकडे वळल्या. "सांग तिला."

"आई, तूच तर..."

"मी शिकवलं ते आपल्या लोकांसाठी. हिला काय माहीत? हिच्या घरातून दोनदा तसंच निघायचं? सांग."

सुयश तिच्यासमोर उभा राहिला. आधी मराठीत म्हणाला, "येतो." मग इंग्रजीत सांगितलं, की मी परत येईन, तुम्ही येऊ द्याल तर.

मिसेस प्रोबर्टनी एकदा आईंकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. रडली वगैरे नाही ती. रोजचा हिशेबी, कोरडा आवाज होता. "मंगळवारी या," म्हणाली. "जिपसाठी. टॉमचा कुत्रा आहे तो. त्याचे हाल चाललेत, मला दिसतं. इथला डॉक्टर दोनदा येऊन गेला, मी परत पाठवलं. भरभर आटपतात ते. तुम्ही बोलाल त्याच्याशी. त्यांच्याशी बोललात तसं."

मी सुयशच्या हातांकडे बघितलं. ते थरथरत होते. तिनेही बघितले असणार, एवढ्या जवळ उभी होती. तरी तिने आपलं म्हणणं मागे घेतलं नाही.

"येतो," सुयश म्हणाला.

गाणं आमचं चुकलंच. परत येताना शहरातून गेलो तेव्हा कॅथिड्रलच्या खिडक्या उजळल्या होत्या आणि लोक आत चालले होते. कुणी थांबू या म्हणालं नाही. वाटेत आई एकदाच बोलल्या. "वासरांचं मला अजून पचलेलं नाही," म्हणाल्या. सुयश म्हणाला, "मलाही नाही, आई."

मंगळवारी तो एकटा गेला. आईंनी सकाळी उठून पिठलं-भाकरी केली, माझ्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरून दिली. मी नगर कौन्सिलातल्या माझ्या नोकरीवर गेले खरी, पण तिथे त्या दिवशी माझा काडीचा उपयोग झाला नाही. संध्याकाळी तो आला, बूट दारात काढले आणि सिंकपाशी बराच वेळ हात धूत राहिला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो.

"बोललास त्याच्याशी?" आईंनी विचारलं.

"बोललो. डोकं तिच्या मांडीवर होतं."

"आणि हात?" मी विचारलं.

"थरथरत होते. मी थांबलो. ती म्हणाली, घाई नाही, मला कुठे जायचं नाहीये. मग बसलो आम्ही. मग..." त्याने नळ बंद केला. "मग झालं नीट. त्याला कळलंसुद्धा नाही. मागे सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा तिने आधीच खणून घेतला होता."

सुयश येणार नाही हे सांगायला वरदला रीडिंगला फोन मी केला. त्याने खूप समजावलं, मग थोडा चिडला, आणि मी त्याच्यावर दुप्पट चिडले. बऱ्याच दिवसांनी कुणावर चिडायचं ते मला नक्की माहीत होतं.

रात्री जेवताना आईंना आठवण झाली. "अरे, माझा डबा? नाव घातलेला?"

"तिने दिला नाही," सुयश म्हणाला. "घासून-पुसून टेबलावर ठेवला होता. मी घ्यायला गेलो तर म्हणाली, राहू दे, पुढच्या वेळी न्या."

आईंनी त्याच्या पानात भाकरी वाढली. "बरं केलं तिने," म्हणाल्या.